सिरियल पोर्टच्या कंट्रोल लाइन आणि इंटरप्ट: ड्रायव्हर लिहिताना पायऱ्यांचा क्रम

पोलिंगने (सीपीयूने पुन्हा पुन्हा विचारून) डेटा व्यवस्थित येतो, पण इंटरप्ट (चिपने सीपीयूला दिलेली हाक) एकही येत नाही. किंवा इंटरप्ट छान चालू असतात आणि कुणी डीटीआर (‘मी तयार आहे’ असं सांगणारी कंट्रोल लाइन) खाली केला, म्हणजे बंद केला, की त्याच क्षणी थांबतात. किंवा अगदी उलट: नुसती केबल लावली, एक बाइटही आलेला नाही, तरी इंटरप्टचा पाऊस. सिरियल ड्रायव्हरबद्दलच्या या तीन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण मुळाशी बहुतेकदा एकच गैरसमज असतो. कंट्रोल लाइन म्हणजे मोडेमशी बोलायच्या तारा आणि इंटरप्ट हे वेगळं प्रकरण, असं धरून कोड लिहिला जातो.

१६५५० घराण्याच्या यूआर्टमध्ये, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणाऱ्या चिपमध्ये, ही दोन प्रकरणं एकमेकांत गुंतलेली आहेत. मोडेम कंट्रोल रजिस्टरमध्ये (पुढे एमसीआर) काही लिहिलं की इंटरप्टची वाट उघडू किंवा बंद होऊ शकते. मोडेम स्टेटस रजिस्टर (एमएसआर) वाचलं की प्रलंबित इंटरप्ट पुसला जातो. या दोन रजिस्टरांना हात लावणारी प्रत्येक ओळ इंटरप्टची ओळ आहे, असं समजून ड्रायव्हर लिहा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघतात. उदाहरणं लिनक्सची आहेत, पण स्वतःचं छोटं कर्नल किंवा फर्मवेअर लिहिणाऱ्यांनाही हाच क्रम लागू पडतो.

## तयारी: कोड उघडण्याआधी हे समोर ठेवा

तुमच्या नेमक्या चिपची डेटाशीट घ्या. ‘१६५५०शी सुसंगत’ एवढ्यावर भागवू नका. ऑटो फ्लो कंट्रोल (चिपने स्वतःच पाठवणं थांबवणं आणि सुरू करणं) आहे का, फिफो (येणाऱ्या-जाणाऱ्या बाइटांची चिपमधली रांग) किती खोल आहे, इंटरप्ट पिनवर बाहेरून काही गेट आहे का, या तीन गोष्टी चिपनुसार आणि बोर्डनुसार बदलतात.

रजिस्टरांचे ऑफसेट कागदावर लिहून ठेवा: १ वर इंटरप्ट एनेबल (आयईआर), २ वर वाचताना इंटरप्ट आयडेंटिफिकेशन (आयआयआर), ४ वर एमसीआर, ५ वर लाइन स्टेटस (एलएसआर), ६ वर एमएसआर. पीसीवर पहिल्या पोर्टचा पत्ता हेक्स ३एफ८ आणि आयआरक्यू (इंटरप्ट लाइनचा क्रमांक) ४, दुसऱ्याचा हेक्स २एफ८ आणि आयआरक्यू ३.

एमसीआरचे बिट पाठ असायला हवेत: बिट ० डीटीआर, बिट १ आरटीएस (‘मला पाठव’), बिट २ आउट-१ आणि बिट ३ आउट-२ (सर्वसाधारण वापराचे दोन आउटपुट पाय), बिट ४ लूपबॅक (पाठवलेलं चिपमध्येच परत वळवणं). एमएसआरमध्ये वरचे चार बिट त्या क्षणाची पातळी सांगतात (बिट ४ सीटीएस, म्हणजे समोरचा ‘पाठव’ म्हणतो; ५ डीएसआर, समोरचं उपकरण तयार; ६ आरआय, फोनची घंटी; ७ डीसीडी, मोडेमचा दुवा जुळलेला) आणि खालचे चार ‘मागच्या वाचनानंतर बदल झाला’ एवढंच सांगतात. या खालच्या बिटांना डेल्टा बिट म्हणतात. इंटरप्ट उठतो तो डेल्टा बिटांमुळे, पातळीमुळे नाही.

हाताशी एक मल्टिमीटर, एक ९ पिनी लूपबॅक प्लग आणि जमलं तर लॉजिक अ‍ॅनालायझर असू द्या. प्लगमध्ये २ आणि ३ एकमेकांना जोडा, ७ आणि ८ एकमेकांना, आणि ४ ही पिन १ व ६ या दोन्हींना. आरआय म्हणजे पिन ९ मोकळीच ठेवा. ती नंतर वेगळी तपासायची आहे.

## पायरी १: तारा आणि पातळ्या आधी मोजा

आरएस-२३२ मध्ये कंट्रोल लाइन ‘चालू’ म्हणजे +३ ते +१५ व्होल्ट आणि ‘बंद’ म्हणजे −३ ते −१५ व्होल्ट. डेटा लाइनचं याच्या उलट: तिथे १ म्हणजे ऋण व्होल्टेज. मधली ट्रान्सीव्हर चिप सिग्नल उलटा करते, त्यामुळे यूआर्टच्या पायावर सीटीएस, डीएसआर, आरआय, डीसीडी हे सगळे ‘लो असताना चालू’ असतात. एमएसआरच्या बिटात मात्र १ म्हणजे चालू. एवढी तीन रूपं असल्यामुळे उलटसुलट होणं फार सोपं आहे. नोंदी करताना ‘हाय’ आणि ‘लो’ हे शब्द टाळा, ‘चालू’ आणि ‘बंद’ लिहा, म्हणजे घोळ होत नाही.

आता मोकळ्या इनपुटकडे वळू. आरएस-२३२ रिसीव्हरच्या इनपुटवर ३ ते ७ किलोओहमचा रोध ग्राउंडकडे असतो, म्हणून कनेक्टरवर न जोडलेली सीटीएस साधारणपणे शांतपणे ‘बंद’ दिसते. पण ट्रान्सीव्हर नसेल आणि यूआर्टचे पाय थेट हेडरवर आणले असतील, तर पुल-अप नसलेला सीटीएसचा पाय शेजारच्या टीएक्सडीच्या (डेटा पाठवण्याच्या तारेच्या) प्रत्येक कडेबरोबर थरथरतो. प्रत्येक थरथर म्हणजे एक डेल्टा बिट, आणि प्रत्येक डेल्टा बिट म्हणजे एक इंटरप्ट. ‘डेटा पाठवायला लागलो की सीपीयू १०० टक्के’ अशी तक्रार आली, तर ड्रायव्हर उघडण्याआधी हा पाय पाहा. सॉफ्टवेअरने ही खोड झाकता येते, पण दुरुस्ती पुल-अपनेच होते.

तपासणी: केबलचं दुसरं टोक मोकळं ठेवून चारही इनपुटांचं व्होल्टेज मोजा. ते स्थिर नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २: चिपला शांत करा

सुरुवातीला आयईआरमध्ये ० लिहा. बूटलोडरने किंवा आधीच्या ड्रायव्हरने काय चालू ठेवलं होतं याचा भरवसा नसतो. मग फिफो रिकामे करा आणि एलएसआर, रिसीव्ह बफर, आयआयआर, एमएसआर ही चारही रजिस्टरं एकेकदा वाचा. प्रत्येक वाचन एका प्रकारचा जुना इंटरप्ट पुसतं: एलएसआर वाचल्याने त्रुटींचा, बफर वाचल्याने आलेल्या डेटाचा, आयआयआर वाचल्याने ट्रान्समीटर रिकामा झाल्याचा (सध्या तोच दाखवला जात असेल तर), एमएसआर वाचल्याने कंट्रोल लाइनच्या बदलाचा.

एमएसआरची वाचलेली किंमत फेकून देऊ नका. वरचे चार बिट ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्ये जपून ठेवा, पायरी ६ मध्ये ते लागतील.

## पायरी ३: आधी हँडलर, मग आउट-२, शेवटी आयईआर

सर्वांत जास्त ड्रायव्हर इथे अडकतात, म्हणून जरा थांबून पाहू.

मूळ पीसीच्या रचनेत यूआर्टची इंटरप्ट पिन थेट इंटरप्ट कंट्रोलरला जोडलेली नव्हती. मध्ये एक ट्रायस्टेट बफर होता आणि त्याचं नियंत्रण आउट-२ या पायाकडे होतं. आउट-२ बंद असेल तर यूआर्ट आतून कितीही ओरडो, बाहेर काहीच पोचत नाही. पीसीशी सुसंगत पोर्टांनी ही प्रथा पुढे चालवली. अनेक पीसीआय कार्डांवर आणि एसओसीतल्या (प्रोसेसरच्याच चिपमधल्या) यूआर्टवर असं गेट नसतं, पण तिथेही आउट-२ चालू केल्याने सहसा काही बिघडत नाही. तेव्हा डेटाशीट किंवा बोर्डाची आकृती मनाई करत नसेल, तर तो चालू करा.

क्रम असा:

1. इंटरप्ट हँडलर नोंदवा. या वेळी आयईआर ० असलाच पाहिजे.
2. एमसीआरमध्ये आउट-२ चालू करा.
3. एलएसआर, बफर, आयआयआर, एमएसआर पुन्हा एकदा वाचा. गेट उघडताना काही उरलं असेल तर ते इथे निघून जातं.
4. मगच आयईआरमध्ये हवे ते इंटरप्ट चालू करा.

हा क्रम उलटा केला, म्हणजे आयईआर आधी आणि हँडलर नंतर, तर मधल्या वेळात आलेला इंटरप्ट कुणीच हाताळत नाही. लेव्हल-ट्रिगर लाइनवर (पातळी चालू आहे तोवर इंटरप्ट मानणाऱ्या) असे बेवारस इंटरप्ट साचत गेले की लिनक्स ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश देऊन ती अख्खी लाइन बंद करतं. त्या लाइनवर दुसरं डिव्हाइस असेल तर तेही मरतं.

आता नेहमीची चूक. डीटीआर आणि आरटीएस चालू करायचे आहेत म्हणून कोडमध्ये एमसीआरला सरळ हेक्स ०३ लिहिलं जातं. दोन्ही लाइन चालू होतात, समोरचं उपकरण खूश, मीटरवर व्होल्टेज बरोबर. आणि इंटरप्ट संपले, कारण बिट ३ शून्य झाला. लिहायला हवं होतं हेक्स ०बी. त्याच्याच दुसऱ्या रूपात, बंद करताना ‘डीटीआर खाली करा’ म्हणून ०० लिहिलं जातं आणि त्याबरोबर गेटही बंद होतं. सुरुवातीला सांगितलेली ‘डीटीआर खाली केला की इंटरप्ट थांबतात’ ही तक्रार बहुतेक वेळा हीच असते.

यावर उपाय म्हणून ड्रायव्हरमध्ये एमसीआरची एक सावली-प्रत ठेवा. सगळे बदल त्या प्रतीवर करा, आणि ती प्रत रजिस्टरमध्ये लिहिणारं फंक्शन एकच असू द्या. ते पोर्टच्या लॉकखालीच चालावं. रजिस्टर वाचून, बदलून, परत लिहिणं हे लॉकशिवाय केलं तर दोन धागे एकमेकांचे बिट पुसतात, आणि ज्या दिवशी पुसला जाणारा बिट आउट-२ असेल त्या दिवशी पोर्ट मुका होतो.

सावधान: अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूनेही हे घडू शकतं. लिनक्समध्ये टीआयओसीएमसेट हा आयऑक्टल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला दिलेली आज्ञा) संपूर्ण मूल्य बसवतो. त्यात डीटीआर व आरटीएस दिले आणि आउट-२ दिला नाही, तर ‘आउट-२ बंद कर’ असाच त्याचा अर्थ होतो. एकेक लाइन बदलायची असेल तर टीआयओसीएमबीआयएस आणि टीआयओसीएमबीआयसी वापरा. नाहीतर आधी टीआयओसीएमगेटने सध्याचं मूल्य घेऊन त्यातच बदल करा.

तपासणी: आयईआरमध्ये फक्त ‘ट्रान्समीटर रिकामा’ हा बिट चालू करा. बफर रिकामाच असल्यामुळे लगेच एक इंटरप्ट यायला हवा. प्रॉक फाइलसिस्टीममधल्या ‘इंटरप्ट्स’ या फाइलमध्ये आकडा वाढला नाही, तर आधी आउट-२ पाहा, मग आयआरक्यूचा क्रमांक.

## पायरी ४: हँडलरमध्ये शून्याला विसरू नका

आयआयआरचा बिट ० हा उलटा आहे: ० म्हणजे इंटरप्ट प्रलंबित आहे, १ म्हणजे काही नाही. पुढचे बिट कारण सांगतात, आणि कारणांना अग्रक्रम आहे. सर्वांत वर लाइन स्टेटस (हेक्स ०६), मग आलेला डेटा (०४) आणि फिफोचा टाइमआउट (०सी), मग ट्रान्समीटर रिकामा (०२), आणि सर्वांत शेवटी मोडेम स्टेटस, ज्याचा कोड आहे ००.

हा शून्य घात करतो. ‘कारण शून्य असेल तर काही करायचं नाही’ असं हँडलरमध्ये लिहिलं की मोडेम स्टेटसचा इंटरप्ट कधीच हाताळला जात नाही. एमएसआर वाचला जात नाही, डेल्टा बिट तसाच राहतो, इंटरप्ट पिन चालूच राहते. आता पुढे काय होईल ते लाइनच्या प्रकारावर आहे. लेव्हल-ट्रिगर असेल तर हँडलर परत परत बोलावला जातो आणि मशीन गुदमरतं. एज-ट्रिगर (फक्त पातळी बदलताना इंटरप्ट मानणारी) असेल, जशी जुन्या आयएसए पोर्टांची असते, तर पिन खाली येऊन पुन्हा वर जाणंच थांबतं, म्हणून नवी कडच तयार होत नाही. मग येणाऱ्या डेटाचेही इंटरप्ट बंद. लक्षण दिसतं ‘रिसीव्ह अचानक बंद पडलं’ असं, आणि माणूस फिफोचा कोड तपासत बसतो. कारण असतं समोरच्याने हलवलेली सीटीएस.

दुसरा सापळा फिफोचा. फिफो चालू असताना आयआयआरचे वरचे दोन बिट १ असतात, म्हणजे मोडेम स्टेटस ०० ऐवजी सी० असा वाचला जातो. तुलना करण्याआधी हेक्स ०एफने मास्क करा.

एज-ट्रिगर लाइनवर हँडलरने आयआयआरचा बिट ० एक होईपर्यंत फिरत राहिलं पाहिजे. एक कारण हाताळून बाहेर पडलात आणि आत दुसरं प्रलंबित असेल, तर पिन मध्ये खाली आलेलीच नसते. आयआरक्यू ४ वर दोन आयएसए पोर्ट असतील तर एक पोर्ट शांत होऊन भागत नाही. एका पूर्ण फेरीत दोन्हीही ‘काही नाही’ म्हणाले तरच बाहेर पडा. फेऱ्यांना कमाल मर्यादा मात्र घाला. लिनक्सच्या ८२५० ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्यांमधला ‘टू मच वर्क’ हा संदेश याच मर्यादेवरून येतो. तो दिसला तर मर्यादा वाढवू नका, कोणती लाइन थरथरते आहे ते शोधा.

एका फेरीतला कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे: आधी आलेला डेटा उचला, मग एमएसआर पाहा, आणि त्यानंतरच पाठवायचा फिफो भरा. समोरच्याने नुकताच सीटीएस बंद केला असेल तर ते फिफोत १६ बाइट ओतण्याआधी कळायला हवं, नंतर नाही.

तपासणी: लूपबॅक प्लग लावून मोडेम स्टेटस इंटरप्ट चालू करा आणि आरटीएस एकदा बंद-चालू करा. दोन इंटरप्ट यावेत, आणि त्यानंतर डेटा पाठवला तर तो नेहमीसारखा परत यावा. दुसरी अट जास्त महत्त्वाची, कारण पिन अडकलेली असेल तर ती इथेच उघडी पडते.

## पायरी ५: एमएसआर वाचणारा एकच असू द्या

एमएसआर वाचला की डेल्टा बिट पुसले जातात, मग वाचणारा कोणीही असो. हँडलरखेरीज आणखी कुणी तो वाचला तर बदलाची बातमी त्याच्या हातात पडते आणि हँडलर कोराच राहतो.

असा चोर बहुतेकदा अगदी निष्पाप कोडमध्ये लपलेला असतो. अ‍ॅप्लिकेशनने लाइनची स्थिती विचारली, ड्रायव्हरच्या गेट_एमसीटीआरएल फंक्शनने एमएसआर वाचला, वरचे बिट परत दिले, खालचे सोडून दिले. त्याच क्षणी सीटीएस चालू झाली होती. पाठवणं थांबलेलं आहे आणि सीटीएस चालू झाल्याची बातमी आता कधीच येणार नाही. पोर्ट अडकतो. कुणीतरी केबल काढून लावली की सीटीएस पुन्हा हलते आणि पोर्ट सुरू होतो, म्हणून दोष केबलवर जातो. क्वचित घडणारी आणि प्रयोगशाळेत सहज न सापडणारी अशी ही चूक आहे. म्हणून ती चाचणीवर सोडू नका, रचनेतच टाळा.

एमएसआर वाचणारं एकच अंतर्गत फंक्शन लिहा. ते रजिस्टर वाचेल, मिळालेले डेल्टा बिट ड्रायव्हरच्या एका साठवणीत ‘ऑर’ करून ठेवेल आणि पातळी परत देईल. हँडलर बदल तपासताना ताजं वाचन आणि साठवण दोन्ही एकत्र पाहील आणि मग साठवण शून्य करेल. हे सगळं पोर्टच्या लॉकखाली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: तुम्ही वाचल्यामुळे हार्डवेअरचा इंटरप्ट तर पुसला गेलेला असतो, म्हणून साठवण पुढच्या कोणत्या तरी इंटरप्टपर्यंत तशीच पडून राहू शकते. प्रलंबित डेल्टा सापडला आणि मोडेम इंटरप्ट चालू असतील, तर बदल हाताळणारं फंक्शन तिथल्या तिथे बोलवा. लॉक आधीच हातात आहे, तेव्हा ते सुरक्षित आहे.

लिनक्सच्या ८२५० ड्रायव्हरमध्ये एमएसआरची अशी साठवण आहे. तिची गरज विशेषतः कन्सोलमुळे पडते. कर्नलचे संदेश छापताना इंटरप्ट न वापरता सीटीएसची वाट पाहायची असेल, तर तो कोड एमएसआर पुन्हा पुन्हा वाचतो.

डीबगिंगसाठी घातलेल्या छपाईच्या ओळीही याच जातीच्या. सगळी रजिस्टरं छापणारं फंक्शन एमएसआरचे डेल्टा खातं, एलएसआरमधल्या त्रुटी खातं आणि आयआयआर वाचून ट्रान्समीटरचा इंटरप्टही खातं. डीबग घातलं की बग बदलतो, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

सावधान: डेल्टा बिट दिसला म्हणून सॉफ्टवेअरमधली स्थिती उलटी करू नका. दोन वाचनांच्या मध्ये लाइन बंद होऊन परत चालू झाली तर डेल्टा १ असतो आणि पातळी जुनीच. डेल्टाचा अर्थ ‘बघ’ एवढाच घ्या, निर्णय वरच्या चार बिटांवरून घ्या. आरआयचं आणखी वेगळं: तिचा डेल्टा फक्त घंटी थांबताना, म्हणजे चालूवरून बंद होताना लागतो. घंटी सुरू झाल्याचा इंटरप्ट १६५५० देत नाही.

## पायरी ६: मोडेम स्टेटस इंटरप्ट गरजेपुरताच चालू करा

आयईआरचा बिट ३ सरसकट चालू ठेवायचं कारण नाही. लिनक्समध्ये नियम साधा आहे: हार्डवेअर फ्लो कंट्रोल मागितला असेल (सीआरटीएससीटीएस), किंवा डीसीडीकडे लक्ष द्यायचं असेल (सीलोकल बंद), किंवा डीसीडीवर वेळेचा पल्स घेतला जात असेल, तरच एनेबल_एमएस (हा इंटरप्ट चालू करणारं ड्रायव्हरचं फंक्शन) बोलावलं जातं. ते अनेकदा बोलावलं जाऊ शकतं, म्हणून आधीच चालू असेल तर गुपचूप परतण्याची सोय ठेवा. आणि बंद करण्याचं कामही ड्रायव्हरचंच आहे.

चालू करण्याची रीत: लॉक घ्या, एमएसआर वाचून पातळी जपा, मग आयईआरचा बिट ३ लावा. या दोन कृतींच्या मध्ये लाइन हलली तरी काही हरवत नाही, कारण डेल्टा बिट लागलेला असतो आणि बिट ३ लावताच इंटरप्ट येतो. आधी न वाचता बिट लावलात तर कधीचा जुना डेल्टा पहिल्याच क्षणी इंटरप्ट देईल आणि ‘डीसीडी बदलली’ अशी खोटी बातमी वर जाईल.

सुरुवातीची पातळी वरच्या थराला सांगायला विसरू नका. पोर्ट उघडताना सीटीएस आधीच बंद असेल तर बदल होणार नाही, इंटरप्ट येणार नाही, आणि ड्रायव्हर खुशाल डेटा पाठवत सुटेल. तसंच, बोर्डावर डीसीडी, डीएसआर किंवा सीटीएस नसतीलच, तर गेट_एमसीटीआरएलमध्ये त्या कायम चालू दाखवा. आरआय नसेल तर ती चालू दाखवू नका. हे उलटं झालं तर सीलोकल बंद असताना पोर्ट उघडणारा प्रोग्रॅम डीसीडीची वाट पाहत तिथेच लटकतो.

## पायरी ७: सीटीएसने थांबवणं आणि पुन्हा सुरू करणं

सीटीएस बंद झाली की ट्रान्समीटरचा इंटरप्ट (आयईआर बिट १) बंद करा. चालू झाली की तो पुन्हा लावा. बफर रिकामा असताना हा बिट लावला की १६५५० लगेच इंटरप्ट देतो आणि गाडी पुढे सरकते. काही चिप हा इंटरप्ट देत नाहीत. लिनक्समध्ये त्यांच्यासाठी वेगळी खूण आहे, आणि तिथे स्टार्ट_टीएक्समध्ये (पाठवणं सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये) एलएसआर पाहून पहिले बाइट हातानेच घालावे लागतात.

लिनक्समध्ये सीटीएसचा बदल यूआर्ट_हँडल_सीटीएस_चेंजला कळवला की थांबवणं आणि सुरू करणं कोअर (सगळ्या सिरियल ड्रायव्हरांचा सामाईक कोड) स्वतः करतो, मोजणीही तोच वाढवतो. ड्रायव्हरने ते पुन्हा करू नये. नाहीतर गणकात प्रत्येक बदल दोनदा दिसतो.

आरटीएसच्या बाजूचं गणित एकदा करून पाहाच. ११५२०० बॉडला, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, म्हणजे एका बाइटला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. रिसीव्ह फिफोचा ट्रिगर १४ वर असेल तर इंटरप्ट येतो तेव्हा दोनच जागा उरलेल्या असतात, म्हणजे जेमतेम १७४ मायक्रोसेकंद. ट्रिगर ८ वर असेल तर साधारण ६९४. आता यात भर घाला: सॉफ्टवेअरने आरटीएस बंद केल्यावरही समोरच्या यूआर्टच्या फिफोत आधीच भरलेले बाइट येतच राहतात, १६ पर्यंत. म्हणून ‘फिफो भरत आला की आरटीएस बंद करू’ हे सॉफ्टवेअरने जमण्यासारखं नाही. सॉफ्टवेअरचा आरटीएस हा वरच्या मोठ्या बफरसाठी आहे, आणि त्या बफरमध्ये भरपूर जागा शिल्लक असतानाच तो खाली करायचा. फिफोचं रक्षण ऑटो फ्लो कंट्रोलनेच होतं.

ऑटो फ्लो कंट्रोल चालू केला, जसा १६सी५५०सी मध्ये एमसीआरच्या बिट ५ ने होतो, तर सीटीएसच्या बदलाचा इंटरप्ट येत नाही. चिप स्वतःच थांबते आणि सुरू होते. सीटीएसचा गणक शून्यावर अडकलेला पाहून इंटरप्ट शोधत बसू नका. कोअरला मात्र सांगा की सीटीएस हार्डवेअर सांभाळतं आहे, म्हणजे तो सॉफ्टवेअरने थांबवायला जाणार नाही.

सावधान: सेट_एमसीटीआरएल, गेट_एमसीटीआरएल आणि एनेबल_एमएस ही फंक्शनं पोर्टचा लॉक धरून बोलावली जातात. त्यांत झोपणारं काही चालत नाही. यूआर्ट आय२सी किंवा एसपीआय बसवर असेल तर रजिस्टरची देवाणघेवाण वर्कक्यूत (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) ढकला आणि गेट_एमसीटीआरएलमधून जपून ठेवलेली पातळी द्या.

## पायरी ८: लाइन यूआर्टच्या बाहेर असेल तर

अनेक बोर्डांवर डीटीआर, डीसीडी वगैरे साध्या जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) पायांवर आणलेल्या असतात. तिथे डेल्टा बिट नसतो. दोन्ही कडांवर इंटरप्ट मागा, हँडलरमध्ये पातळी वाचा आणि मागच्या पातळीशी ताडून पाहा. इंटरप्ट चालू होण्याआधीची कड हरवू शकते, म्हणून चालू केल्यावर पातळी पुन्हा एकदा वाचा. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलं आहे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘लो असताना चालू’ ही खूण विसरली तर सगळं उलटं चालतं. लिनक्समध्ये यासाठी तयार मदतनीस फंक्शनं आहेत, स्वतःची लिहू नका.

यूएसबी-सिरियलमध्ये लाइनचा बदल यूएसबीच्या संदेशातून येतो, त्यामुळे काटेकोर वेळेची अपेक्षा ठेवू नका. सीडीसी-एसीएम या प्रमाणित वर्गाच्या स्थिती-संदेशात डीसीडी, डीएसआर आणि आरआय आहेत. सीटीएसला जागाच नाही.

## पायरी ९: बंद करण्याचा क्रम

1. लॉक घेऊन आयईआर ० करा. यात बिट ३ सुद्धा आला.
2. लॉक सोडा आणि दुसऱ्या सीपीयूवर चालू असलेला हँडलर संपण्याची वाट पाहा (सिंक्रोनाइझ_आयआरक्यू).
3. आता एमसीआरमधून आउट-२ काढा.
4. फिफो रिकामे करा, रिसीव्ह बफर एकदा वाचा.
5. शेवटी हँडलरची नोंदणी काढा.

आयईआरचा बिट ३ चालू ठेवून डीटीआर खाली केला तर काय होतं ते पाहा. समोरचा मोडेम डीटीआर गेला म्हणून फोन ठेवतो, डीसीडी बंद करतो, आणि त्या बदलाचा इंटरप्ट तुमचं स्ट्रक्चर मोकळं झाल्यावर येतो. लाइन दुसऱ्या डिव्हाइसबरोबर वाटून घेतलेली असेल तर क्रॅश त्या डिव्हाइसच्या नावाने नोंदला जातो.

## पायरी १०: चाचणी, याच क्रमाने

आधी चिपच्या आतला लूपबॅक. त्यात डीटीआर डीएसआरला, आरटीएस सीटीएसला, आउट-१ आरआयला आणि आउट-२ डीसीडीला जोडला जातो. एमसीआरमध्ये हेक्स १ए लिहा (लूपबॅक, आउट-२, आरटीएस). एमएसआरचे वरचे चार बिट हेक्स ९० यायला हवेत. लिनक्स पोर्ट ओळखताना हीच कसोटी लावतं. पण लूपबॅकमध्ये आउट-२ ची बाहेरची पिन बंद होते, म्हणून गेट असलेल्या पीसी पोर्टवर या अवस्थेत इंटरप्ट बाहेर येणार नाही. इथे फक्त रजिस्टर तपासायची. लूपबॅकमधून बाहेर पडल्यावर एमएसआर एकदा वाचून टाका, कारण त्या उलथापालथीचे डेल्टा त्यात साचलेले असतात.

मग बाहेरचा प्लग. टीआयओसीजीआयकाउंटने सीटीएस, डीएसआर, डीसीडीचे गणक वाचा, डीटीआर व आरटीएस प्रत्येकी एकदा बंद-चालू करा, गणक पुन्हा वाचा. तिन्ही दोनाने वाढले पाहिजेत. कमी वाढले तर कुणीतरी एमएसआर चोरून वाचतं आहे किंवा तुम्ही लाइन फार झपाट्याने हलवली. जास्त वाढले तर पायरी १ कडे परत जा.

आरआयसाठी ९ क्रमांकाची पिन तात्पुरती ४ ला जोडा आणि डीटीआर चालू-बंद करा. आरआयचा गणक एकाने वाढायला हवा, आणि तोही डीटीआर बंद करतानाच.

शेवटची चाचणी सर्वांत कठोर. ११५२०० बॉडला सलग डेटा पाठवत ठेवा, एका प्रोग्रॅमने आरटीएस हलवत राहा आणि दुसऱ्याने टीआयओसीएमगेट न थांबता विचारत राहा. पायरी ५ मधली साठवण नीट नसेल तर पाठवणं कधीतरी अडकेल. अडकलं की लगेच तीन गोष्टी टिपा: सीटीएसची सध्याची पातळी, पाठवणं थांबवल्याची सॉफ्टवेअरमधली खूण आणि आयईआरचा बिट १. सीटीएस चालू, थांबवल्याची खूणही लागलेली आणि बिट १ शून्य, असं दिसलं तर बदलाची बातमी हरवली आहे. सीटीएस चालू, खूण नाही, बिट १ लागलेला, तरीही इंटरप्ट नाही, असं असेल तर एमसीआरचा बिट ३ आधी वाचा.